सातशे रुपये महिना: एका कपाटाचं एक वर्ष

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी कोल्हापुरात एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची उमेदवारी, करते. वय बावीस. गाव राधानगरीच्या बाजूचं, घरी थोडा ऊस आणि दोन म्हशी. हातात येणारं विद्यावेतन खोलीभाडं, मेस आणि परीक्षेच्या पुस्तकांत संपतं. खूप ताणून कपड्यांसाठी महिन्याला ७०० रुपये बाजूला निघतात आणि त्यात ड्रेस, शिलाई, चप्पल, आतले कपडे सगळं बसवायचं असतं. जून २०२४ ते मे २०२५ या वर्षाचा पै न पैचा हिशेब तिने वहीत लिहिला. ती वही आणि त्या वर्षात आम्ही दोघींनी केलेल्या खटपटी, चुकांसकट, तिच्या परवानगीने इथे मांडते आहे.

आईचं शिवणयंत्र माझ्याकडे आहे आणि मी त्यावर बरीच वर्षं शिवते. त्यामुळे कपड्याकडे मी शिवणीच्या बाजूनं बघते, हे आधीच सांगून ठेवते. दुसऱ्या कुणी हेच प्रकरण वेगळं सोडवलं असतं.

पलंगावरचा ढीग

मे महिन्यात तिचा फोन आला. "मावशी, सोमवारी कारखान्याच्या ऑडिटला जायचंय आणि माझ्याकडं घालायला एक ड्रेस नाही बघ." मला नवल वाटलं, कारण दिवाळीत तिच्या खोलीवर गेले होते तेव्हा कपाटाचं दार लागत नव्हतं.

रविवारी गेले. म्हटलं, सगळं बाहेर काढ. पलंगावर ढीग झाला. मोजले तर ३८ नग: कुर्ते, टॉप, लेगिंग, दोन जीन्स, एक अनारकली. त्यातले ती खरोखर घालत होती ते ११. उरलेले २७ का घालत नाहीस, हे मी एकेक नग हातात घेऊन विचारलं आणि तिने वहीत लिहिलं. १२ अंगाला नीट बसत नव्हते. ५ इतके पातळ की आतून सगळं दिसायचं. ४ कुर्ते चांगले होते, पण त्यांच्याखाली घालायला काही नव्हतं. ३ ची चेन, हुक किंवा शिलाई गेलेली. फक्त ३ खरोखर संपलेले होते, कापडावर बारीक बोळे आलेले, रंग उडालेले.

ही यादी तिने दोनदा वाचली. दर महिन्याला सेलमध्ये ३९९ नाहीतर ४९९ ला काहीतरी घ्यायचं, ही तिची पद्धत होती. पैसे थोडे म्हणून वस्तू स्वस्त, वस्तू स्वस्त म्हणून बसते की नाही हे फारसं बघायचं नाही, आणि बसली नाही तर परत करायचा कंटाळा. अशी दोन वर्षं गेली होती. त्या ढिगात निदान आठ-नऊ हजार रुपये पडून होते.

मी तिला एकच अट घातली. जून आणि जुलैमध्ये नवीन काही घ्यायचं नाही. १,४०० रुपये जमतील, ते या ढिगावर खर्च करायचे.

माया

शिवणकामात शिलाईच्या पलीकडे जे जास्तीचं कापड आत सोडतात त्याला माया म्हणतात. कपड्याला पुढे कधी सैल करायची वेळ आली तर तीच कामाला येते. शिवून घेतलेल्या कुर्त्यात बाजूला इंचभर माया असते. स्वस्त तयार कुर्ता उलटा करून बघा, शिलाईला लागूनच ओव्हरलॉक मारून कापड कापलेलं असतं. तो आत घेता येतो, बाहेर सोडता येत नाही.

न बसणारे बाराही कुर्ते तिने एकेक करून घातले आणि मी टाचण्या लावल्या. नऊ सैल होते, तीन घट्ट. त्या तिघांत मायाच नव्हती, त्यामुळे ते तिच्या चुलत बहिणीकडे गेले. नऊंपैकी बहुतेकांचं दुखणं एकच होतं. कंबरेशी पोत्यासारखे आणि लांबी अर्धवट, म्हणजे गुडघ्याच्या बरोबर खाली, जिथे पाय सगळ्यात जाड दिसतो. तिची उंची पाच फूट एक इंच. कुर्ता गुडघ्याच्या दोन बोटं वर आणला की तीच मुलगी उंच दिसते. हे आम्ही आरशासमोर टाचण्यांनी करून पाहिलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो कुठल्याही नवीन ड्रेसनं पडला नसता.

कोपऱ्यावरच्या टेलरकाकांनी नऊ कुर्त्यांचे प्रत्येकी ५० रुपये घेतले: बाजू आत, लांबी वर, एकदोघांच्या बाह्या कोपरापर्यंत. ४५० रुपये. एका ड्रेसची चेन बदलायचे ६०. बाकी हुक आणि उसवलेली शिलाई तिने हातानं घातली. पातळ कुर्त्यांसाठी दोन सुती स्लिप घेतल्या, ३२० रुपयांच्या. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप दिसते, कातडीच्या रंगाची दिसत नाही. म्हणून त्या रंगाच्या घेतल्या.

दोन महिन्यांत ८३० रुपये गेले आणि घालण्याजोगे नग ११ वरून पंचवीसच्या पुढे गेले. नवीन एकही कपडा आला नव्हता.

टेलरकाकांनी तिला एक गोष्ट शिकवली ती मी आता सगळ्यांना सांगते. तयार कपडा घेताना फक्त खांदा बघायचा. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडावर बसली पाहिजे. कंबर, लांबी, बाही हे सगळं थोड्या पैशांत सुधारतं. खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, बिघडलेला असेल तर बाही उसवून सगळं पुन्हा कापावं लागतं, आणि तेवढे पैसे घालूनही तो बहुधा बसत नाहीच.

थांबून घेणं

महिन्याला ७०० रुपये म्हणजे महिन्याला ७०० रुपयांची वस्तू, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महागडी समजूत हीच. ७०० मध्ये धड पँट येत नाही, धड चप्पल येत नाही. येतो तो आणखी एक टॉप. दोन-तीन महिने थांबलं की त्याच पैशांत वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू येते. गावाकडे भिशी लावतात त्यामागे हाच विचार असतो. तिला ते तसंच सांगितलं आणि लगेच पटलं.

जुलैअखेर ५७० रुपये उरले. ऑगस्टच्या पैशांतून पहिली खरेदी केली ती आतल्या कपड्यांची, ४५० रुपये. तेवढीच पुन्हा फेब्रुवारीत. कपड्यांचं बजेट मांडताना हा खर्च कुणीच धरत नाही, आणि मग तो दुसऱ्या कशातून तरी उपटला जातो. मापाची, न सैलावलेली ब्रा असेल तर जुना कुर्तासुद्धा छातीशी नीट बसतो. मुलींना हे घरात कुणी उघडपणे सांगत नाही, म्हणून मी इथे लिहिते आहे.

सप्टेंबरमध्ये आम्ही गांधीनगरला गेलो. कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेली ही कापडाची पेठ. ठोक बाजार आहे, पण बरेच दुकानदार ताग्यातून दोन-तीन मीटरही फाडून देतात. तिथे कापडावर हात ठेवण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारायचा. ३६ इंची पन्ह्यात कुर्त्याला अडीच मीटर लागतं, तिथे ५८ इंचीत पावणेदोन मीटरात काम होतं. मीटरचा भाव कमी दिसला म्हणून अरुंद पन्ह्याचं घेतलं तर शेवटी तेवढेच पैसे जातात.

त्या चार सुट्या कुर्त्यांना खाली काय, हा प्रश्न आधी सोडवायचा होता. लेगिंगवर ऑडिटला जाणं तिला नको वाटायचं. दोन सरळ पँटींचं कापड घेतलं, एक काळी, एक बिस्किटी. टेरीरेयॉन (पॉलिएस्टर-रेयॉनचं मिश्रण), ५८ पन्हा, १८० रुपये मीटर, दोन्ही मिळून अडीच मीटर. पँटीला मी मुद्दाम शुद्ध सुती घेऊ दिलं नाही. दिवसभर खुर्चीत बसून मांडीवर चुरगळते आणि संध्याकाळी परत येताना माणूस थकलेला दिसतो. शिलाई ३०० रुपये एकीची. सगळे मिळून १,०५०. वर्षभरात सगळ्यात जास्त वापरले गेलेले हेच दोन नग. आठवड्याला चार-पाच दिवस यातली एक तरी अंगावर असायची.

नोव्हेंबरमध्ये दोन कुर्त्यांचं सुती कापड, ४४ पन्हा, १२० रुपये मीटर. निळीच्या रंगाचं एक, विटकरी एक. प्रत्येकी अडीच मीटर, शिलाई २५०. दोन्हींचे मिळून १,१००. दुकानात तिने स्वतः कडेचा धागा मागून घेतला आणि बाहेर येऊन काडीनं पेटवला. कागदासारखा जळून राख झाली तर सूत (किंवा रेयॉन). वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. तिसऱ्या दुकानात "प्युअर कॉटन" म्हणून दाखवलेल्या कापडाच्या धाग्याचा मणी झाला. तिथून उठलो.

घरी आल्यावर दोन्ही कापडं रात्रभर पाण्यात टाकली, सावलीत वाळवली, इस्त्री केली आणि मगच टेलरकाकांकडे दिली. कापड पाण्यातून काढल्याशिवाय शिवलं तर पहिल्या धुण्यात कुर्ता आखडतो आणि सगळं माप वाया जातं. रंग सुटतो की नाही तेही तिथेच कळतं. निळ्यानं बादलीभर पाणी निळं केलं. तो पुढची चार धुणी वेगळाच धुतला.

रंगांबद्दल एवढंच ठरवलं होतं की नवा येणारा प्रत्येक कुर्ता दोन्ही पँटींवर चालला पाहिजे. तिला राणी रंग फार आवडतो. त्याची ओढणी घेतली, या ७०० च्या पैशांतून नाही, तर भाऊबीजेच्या. ती ओढणी निळ्यावरही जाते आणि पांढऱ्यावरही.

चप्पल ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर. ६५० रुपयांची कोल्हापुरी, बिनरंगाची. कोल्हापुरात राहून दुसरीकडून चप्पल आणायचं मनात येऊ नये असं माझं मत आहे. पण वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं ते चामडं, भिजलं की फुगतं आणि तळ सुटतो. त्या वर्षी जुलैत पंचगंगा पात्राबाहेर होती, तेव्हा घेतली असती तर महिनाभरही टिकली नसती. पावसाळ्यात तिने जुने रबरी सँडल वापरले. कोल्हापुरीला महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात फिरवते आणि संध्याकाळी कागदात गुंडाळून ठेवते. अजून नवी दिसते.

ब्लेझर

जानेवारीत ती चुकली, आणि त्यात माझाही वाटा आहे. बँकांच्या शाखांचं ऑडिट एप्रिलच्या सुरुवातीला असतं. ऑफिसातल्या सगळ्यांकडे ब्लेझर आहे, मला पण हवा, असं तिने विचारलं तेव्हा मी घाईत "घे की" म्हटलं. तिने ऑनलाइन सेलमधून १,२९९ रुपयांचा काळा ब्लेझर मागवला. वर्षातली सगळ्यात मोठी एकटी खरेदी, आणि खांदा न बघता केलेली.

खांदा दीड इंच बाहेर. बाही तळहाताच्या मध्यापर्यंत. आरशात बघताना तिने आनंदाच्या भरात लेबल कापून टाकलं होतं, त्यामुळे परत जाईना. टेलरकाकांनी आतून बघितलं आणि मान हलवली. ब्लेझरच्या खांद्यात पॅड असतो, अस्तर असतं. तो उघडायचा म्हणजे नवा शिवायचा. ती त्या रात्री रडली. १,२९९ रुपये म्हणजे तिचे जवळजवळ दोन महिने.

नंतर तिने वहीत या खरेदीखाली एक टीप लिहिली आहे, ती तिच्या शिक्षणातून आलेली. तयार कपडा हजार रुपयांच्या वर गेला की तेव्हा जीएसटी १२ टक्के होता, हजारापर्यंत ५. कापड ताग्यातून घेतलं तर कितीही भावाचं असो, ५ टक्केच. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांची ही मर्यादा २,५०० रुपये झाली आणि त्याहून महाग कपड्यावर १८ टक्के लागतो.) म्हणजे न बसणाऱ्या ब्लेझरवर करही जास्त भरला, हे तिला फार लागलं.

फेब्रुवारीत ऑफिसातल्या एका उंच मैत्रिणीला तो अगदी बसला. तिने ७०० रुपये दिले. उरलेलं नुकसान ५९९.

मग ऑडिटला काय घालायचं, हा प्रश्न तसाच होता. मार्चमध्ये दोन पूर्ण बाह्यांचे शर्ट शिवले, एक पांढरा, एक आकाशी. कापड १६० रुपये मीटर, प्रत्येकी दोन मीटर, शिलाई ३५०. दोन्ही मिळून १,३४०. कॉलरला आतून चांगलं बक्रम (ताठपणासाठीचं कडक कापड) घालायला सांगितलं, कारण शर्टाचा रुबाब कॉलरीत असतो. ती मऊ पडली की शर्ट झोपायचा वाटतो. काळी पँट, आकाशी शर्ट, केस मागे बांधलेले, पायात कोल्हापुरी. एप्रिलच्या उन्हात शाखेत आठ तास बसायचं तर ब्लेझर तिने दुपारीच काढून ठेवला असता. तिचा फोटो आला तेव्हा मी बहिणीला दाखवला. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

आजीची साडी

मे महिन्यात घरात लग्न होतं. वऱ्हाडात मिरवायचं तर अनारकली नाहीतर घागरा, हा आजकालचा रिवाज, आणि भाड्यानं घ्यायचा तरी हजारात जातो. माझ्या आईची, म्हणजे तिच्या आजीची, एक इरकल आहे. जांभळी, लाल काठांची. साडी कापून ड्रेस शिवू का, असं तिने विचारलं.

जुन्या साड्यांचे कुर्ते शिवायला माझी ना नाही. तिच्या आईच्या दोन सुती साड्या विरल्या होत्या, त्यांचे चांगले भाग काढून मी एक कुर्ता आणि एक ओढणी शिवून दिली. काठ बाहीला आणि खालच्या घेराला आणला. पण धडधाकट हातमागाची साडी कापू नये, असं मला वाटतं. कापली की ती एका मापाची, एका वयाची होते. नेसायची राहिली तर आजीलाही होते आणि नातीलाही. मी नाही म्हटलं.

साडी घडीवर विरू लागली होती का ते आधी उजेडात धरून पाहिलं. आई दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलत आली म्हणून ती सुखरूप होती. मग फक्त ब्लाउज शिवला. २०० रुपयांचा हिरवा खण आणि अस्तरासकट शिलाई ४५०. मी टेलरकाकांना सांगून बाजूला दीड इंच माया ठेवून घेतली. लग्नात नवरीच्या खालोखाल लोकांनी तिलाच विचारलं की साडी कुठून आणली.

धुणं

यावर फार लिहिण्यासारखं नाही, पण वर्षभरात यानेच कपडे वाचवले. कुर्ते उलटे करून धुवायचे, उलटेच सावलीत वाळवायचे. पिळायचे नाहीत, झटकून टांगायचे, म्हणजे इस्त्रीचं अर्धं काम होतं. सुती कुर्त्यांना उन्हाळ्यात तांदळाच्या पेजेची पातळ खळ. १२० रुपये मीटरचं कापड कडक इस्त्रीत दुपटीचं दिसतं. पावसाळ्यात खळ अजिबात नाही, ठेवलेल्या कपड्याला कसर आणि बुरशी धरते. दोरा, बटणं, हुक, बोळे काढायचं छोटं ब्लेड यांवर वर्षभरात मिळून १५० रुपये गेले.

वहीतली बेरीज

वर्षाला जमा ८,४०० आणि ब्लेझरचे आलेले ७००, एकूण ९,१००. खर्च ७,९६९. मेअखेर डबीत १,१३१ रुपये शिल्लक.

या आकड्यांत काय धरलेलं नाही तेही सांगायला हवं. दिवाळीचा कपडा आई-वडिलांकडून आला. राणी ओढणी भाऊबीजेची. साडी आजीची. साडीचा कुर्ता मी शिवला त्याची शिलाई नाही. घरापासून लांब, एकट्या राहणाऱ्या, मावशी-टेलरकाका कुणी जवळ नसलेल्या मुलीला याच ७०० रुपयांत इतकं जमेल का? मला वाटतं खरेदी थोडी कमी होईल. पण पहिले दोन महिने, ती ढिगाची यादी आणि तो दुरुस्तीचा खर्च, हे कुणालाही जमण्यासारखं आहे. आणि खरा बदल तिथेच झाला होता.

नवीन नग वर्षभरात किती आले? आतले कपडे आणि स्लिप सोडल्या तर दोन पँटी, दोन कुर्ते, दोन शर्ट, एक ब्लाउज, एक चप्पल. आधी ती एका वर्षात वीसच्या आसपास घ्यायची.

गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली ती वडिलांचा पांढरा शर्ट घेऊन. कॉलर मानेच्या घडीवर विरलेली, बाकी शर्ट चांगला. आमची आई वडिलांच्या शर्टांच्या कॉलरी उसवून उलटवून लावायची, हे मी तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. म्हणाली, "मावशी, मला दाखव की. मी करते." मी तिला आईच्या यंत्रावर बसवलं. कॉलर पट्टीतून अलगद सोडवली, उलटी केली, मधोमध टाचणी लावली. विरलेली बाजू खाली गेली, कोरी वर आली. पहिली टीप डाव्या टोकाला वाकडी गेली. तिने ती काही न बोलता उसवली, दोरा झटकला आणि पुन्हा मारली.